यंत्राच्या गळ्यातून भावगीत

संगणकाकडून गाऊन घेणं आता अवघड राहिलेलं नाही. १९६१मध्ये बेल लॅब्समध्ये जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांनी आयबीएम ७०४ या अवाढव्य यंत्राकडून ‘डेझी बेल’ गाऊन घेतलं, तेव्हा शब्द ओळखू आले हीच मोठी कमाई होती. २००४मध्ये यामाहाच्या व्होकॅलॉइड तंत्रावर बेतलेले पहिले आवाज विक्रीला आले, २००७मध्ये जपानमध्ये हात्सुने मिकू ही यंत्रगायिका आली. आज सिंथेसायझर व्ही किंवा मोफत मिळणारं ओपनउटाऊ उघडून कुणीही स्वर मांडतो, खाली शब्द टाइप करतो आणि थोड्याच वेळात तयार गाणं ऐकतो. सूर नेमके असतात, ताल काटेकोर असतो, आवाजही गोड असतो. तरीही गाणारं कुणी आहे असं वाटत नाही.

अशा वेळी बरेच जण आवाज बदलून पाहतात, नाहीतर रिव्हर्ब वाढवतात. माझं मत असं, की दोष बहुधा आवाजाचा नसतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना, व्यंजन फुटताना, श्वास घेताना आणि ओळ सोडताना माणसाचं शरीर वेळ घेतं. तो वेळ गाण्यात दिसला नाही की कान लगेच ओळखतो. मराठी भावगीतात तर स्वर कसा लावला यालाच निम्मं महत्त्व असतं, त्यामुळे तिथे ही उणीव दुप्पट बोचते. पुढची सगळी मेहनत या मधल्या जागांवर घ्यायची आहे. स्वर मांडायला जितका वेळ लागेल, त्याच्या कितीतरी पट वेळ इथे जाईल याची तयारी ठेवा.

साहित्य

संगणक, गाणारं सॉफ्टवेअर आणि त्याचा एक परवानाधारक आवाज, कान झाकणारा चांगला हेडफोन, आवाज ध्वनिमुद्रित करायला फोन, तंबोऱ्याचं ॲप आणि स्वतःचा गळा. तो सुरेल नसला तरी चालेल.

सरावासाठी मी रचलेली एक ओळ घेऊ: ‘उंबऱ्याशी थांबले ऊन कोवळे’. राग भूप, ठेका केरवा, लय मिनिटाला ८० मात्रांच्या आसपास. ओळ मुद्दाम अशी निवडली आहे की यंत्राला अडवणारं बरंच काही तिच्यात आहे: दोन अनुस्वार, ‘ऱ्या’, ‘थ’, ‘श’ आणि शेवटी ‘ळ’.

आधी स्वतः गा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी तंबोरा लावून ओळ स्वतः म्हणा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. गळा खराब असेल तर गुणगुणा, पण शब्दांसकट. सुरांच्या अचूकतेसाठी हे करायचं नाही. श्वास कुठे घेतला, ‘थां’वर किती रेंगाळलात, ‘कोवळे’चा शेवट कसा विरला हे यातून कळतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं ‘प्रात’ हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन त्यात ही फाइल उघडा. सुराची रेघ पडद्यावर दिसेल. ती कुठेच सरळ नसते. स्वरावर पोचताना ती थोडी पुढे जाते, मग मागे येते. लांब स्वरावर बारीक थरथरते. वर चढण्याआधी किंचित खाली झुकते. जपानमध्ये ताकेशी साइतो, मासाशी उनोकी आणि मासातो अकागी यांनी २००५मध्ये गायनातल्या सुराच्या हालचालीचं जे प्रारूप मांडलं, त्यात नेमक्या याच गोष्टी आहेत: पुढे जाऊन परतणं, आधीचा उलट्या दिशेचा झुकाव, कंप आणि बारीक थरथर. पाठ्यपुस्तकासारखं हे तुमच्याच गळ्यात दिसेल.

माणसाच्या गायनावरून यंत्राचं गाणं घडवायचा विचार नवा नाही. जपानच्या एआयएसटी या संशोधन संस्थेत तोमोयासु नाकानो आणि मासाताका गोतो यांनी २००९मध्ये ‘व्होकॅलिसनर’ मांडलं. खऱ्या गायकाचे सूर आणि आवाजाचे चढउतार ऐकून ते व्होकॅलॉइडच्या खुंट्या आपोआप फिरवत असे. आपण तेच काम डोळ्यांनी आणि कानांनी करणार आहोत. हाताने केलेलं मला जास्त आवडतं, कारण त्यात आपल्याला हवं ते उचलता येतं आणि नको ते सोडता येतं.

आवाज आणि पट्टी

आधी एकच काम करा. निवडलेल्या आवाजाला नुसत्या आकारात खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एकेक पट्टी चढवत न्या. कुठे तो पातळ होतो, कुठे घोगरा होतो, कुठे सगळ्यात भरीव लागतो हे कागदावर लिहा. तुमच्या चालीचा मुखडा त्या भरीव भागात बसला पाहिजे. बायकांच्या आवाजाला काळी चार किंवा पाच हे आपलं ठरलेलं गणित यंत्राला लागू होईलच असं नाही. ज्याचा आवाज मुळात ध्वनिमुद्रित केला, त्या माणसाच्या गळ्याची मर्यादा त्यात उतरलेली असते. चाल खाली-वर सरकवा. ‘जेंडर’ नावाची खुंटी फिरवून दुसरा गळा बनवू नका. ती घशाच्या पोकळीचा आकार बदलल्यासारखा परिणाम करते आणि थोडी जास्त झाली की आवाज कार्टूनसारखा होतो.

आवाज कुणाचा, हा प्रश्नही इथेच सोडवा. परवाना वाचा: व्यावसायिक वापर चालतो का, श्रेय कसं द्यायचं. नामवंत गायकाचा आवाज त्याच्या संमतीशिवाय यंत्रात उतरवणं गैर आहे, आणि आता ते कायद्याच्याही कक्षेत येतं. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश देताना त्यांच्या आवाजालाही संरक्षण दिलं. त्याच वर्षी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने घडवले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. संमती घेतली तर हे काम निर्मळ मनाने करता येतं, एवढं मला त्यातून दिसतं.

अक्षरं मांडणं

आता स्वर. ‘उं’ ग, ‘ब’ रे, ‘ऱ्या’ ग, ‘शी’ प. समेला ‘थां’ धैवतावर, तिथून मींडेने प. ‘ब’ प, ‘ले’ ग. ‘ऊ’ रे, ‘न’ ग. ‘को’ आणि ‘व’ रे, ‘ळे’ सा. ‘उंबऱ्याशी’ हा अख्खा शब्द समेच्या आधी, पाचव्या मात्रेपासून उचला. मुखडा समेकडे धावत येतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात अपेक्षा तयार होते आणि यंत्राचं गाणंही आपोआप जिवंत वाटू लागतं. पहिल्याच मात्रेवर पहिलं अक्षर आपटलं तर पुढची मेहनत अर्धी वाया जाते.

अक्षरांची लांबी समान ठेवू नका. बोलताना आपण ‘थांब्ले’, ‘कोव्ळे’ असं म्हणतो. मधला ‘अ’ जवळजवळ गिळतो. गाताना तो परत येतो, पण आखडलेलाच. म्हणून ‘थांबले’तला ‘ब’ आणि ‘कोवळे’तला ‘व’ या नोट्स शेजारच्या अक्षरांच्या निम्म्याहून कमी ठेवा. याउलट ‘ऊन’मधला ‘न’ बोलताना पाय मोडलेला असतो. गाण्यात त्याला पूर्ण ‘अ’ द्यायचा की ‘ऊऽऽन्’ असं मिटवायचं हे चालीवर ठरतं. अभंग-ओवीच्या अंगाची चाल असेल तर ‘न’ मोकळा सोडा. आधुनिक भावगीतात ‘ऊ’ लांबवून शेवटी ‘न्’ टेकवा. दोन्ही बरोबर आहे, पण एकाच गाण्यात दोन्ही मिसळले तर गायिका दोन असल्यासारख्या वाटतात.

उच्चार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सिंथेसायझर व्हीच्या भाषांच्या यादीत इंग्रजी, जपानी, मँडरिन, कॅन्टोनीज, स्पॅनिश, कोरियन आहेत, मराठी नाही. म्हणजे शब्द रोमन लिपीत टाइप करून चालणार नाही. प्रत्येक नोटेखालची ध्वनिचिन्हं स्वतः लिहावी लागतील. एकाच आवाजाला वेगवेगळ्या भाषांचे ध्वनी उच्चारायला लावता येतात, आणि ही सोय मराठीसाठी फार मोलाची आहे.

इंग्रजी ‘टी’ आणि ‘डी’ आपल्या कानाला ‘ट’ आणि ‘ड’ वाटतात, तसेच वापरा. ‘त’ आणि ‘द’ मात्र जपानी किंवा स्पॅनिशमधून घ्या. ‘र’ जपानी घ्या. जीभ एकदाच टाळूला स्पर्शून जाते, अगदी आपल्यासारखी. इंग्रजी ‘आर’ टाकला की गायिका थेट परदेशात जाते. मराठीतले दोन ‘च’ आणि दोन ‘ज’ अमराठी माणसाला बिचकवतात, पण जपानीत त्यांची सोय आहे: ‘चमचा’तला दंत्य ‘च’ जपानी ‘त्स’ने येतो, ‘चिमणी’तला तालव्य ‘च’ जपानी ‘च’ने, ‘जगणं’मधल्या दंत्य ‘ज’साठी जपानी ‘झ’ जवळचा. ‘अ’ मात्र जपानीत नाही, तिथला ‘आ’ लावला तर ‘घर’चं ‘घार’ होतं. ‘अ’साठी इंग्रजीतला ‘कप’, ‘बस’मधला स्वर घ्या.

आता महाप्राण. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ‘के’ किंवा ‘पी’ हवा सोडतच येतो, तो ‘ख’, ‘फ’च्या जवळ जातो, अल्पप्राण ‘क’, ‘प’ स्पॅनिशमधून चांगले येतात. ‘थांबले’तल्या ‘थ’साठी दंत्य ‘त’नंतर छोटा ‘ह’ जोडा. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांचं रहस्य वेगळं आहे. त्यांतला ‘ह’ व्यंजनात संपत नाही, पुढच्या स्वराच्या तोंडाशी श्वासाळ होऊन उरतो. म्हणून ‘ग’, ‘द’, ‘ब’ लिहा आणि स्वराच्या सुरुवातीच्या ५०–८० मिलिसेकंदांत ‘ब्रेदिनेस’, म्हणजे श्वासाळपणाची खुंटी, वर उचलून लगेच खाली आणा. स्वतंत्र ‘ह’ टाकला तर ‘भाव’चं ‘बहाव’ होण्याची भीती असते.

‘ळ’ आणि ‘ण’ या चिन्हांच्या यादीत सापडत नाहीत. जीभ मागे वळते तेव्हा आधीच्या स्वराच्या शेवटी एक काळोखी छटा येते, आणि कान मूर्धन्य ध्वनी बराचसा त्या छटेवरूनच ओळखतो. इंग्रजीत ‘बर्ड’मधला ‘र’मिश्रित स्वर तीच छटा देतो. म्हणून ‘कोवळे’त ‘व’च्या ‘अ’ला शेपटीसारखा हा ‘र’मिश्रित स्वर अगदी थोडा जोडा, मग आखूड ‘ल’, मग ‘ए’. शेपूट लांबलं तर ‘कोवर्ले’ ऐकू येईल. तेव्हा कमी करा. ‘बाण’, ‘मन’ असे शब्द शेजारी गाऊन घ्या आणि कान ‘ण’ व ‘न’ वेगळे ओळखतो का ते तपासा. हा इलाज शंभर टक्के नाही, पण ‘कोवले’पेक्षा कितीतरी बरा.

अनुस्वार जसा दिसतो तसा लिहू नका. ‘उंब’ आणि ‘थांब’ यांत तो ‘म्’ आहे, ‘संत’मध्ये ‘न्’, ‘गंगा’मध्ये नाकातला ‘ङ’. लांब ‘थां’ गाताना मींड ‘आ’वर घ्या आणि ‘म्’ शेवटी, पुढच्या ‘ब’ला खेटून मिटवा. यंत्र पुष्कळदा अनुनासिक लवकर सुरू करतं आणि अर्धी मींड ओठ मिटून गुणगुणल्यासारखी होते. ध्वनीची लांबी बदलायची खुंटी असते, ती इथे वापरायची.

व्यंजन मात्रेच्या आधी

माणूस मात्रेवर स्वर लावतो, व्यंजन त्याच्या आधी उच्चारतो. ‘शी’मधला ‘श’ मात्रेच्या आधी सुरू होतो आणि ‘ई’ मात्रेवर उमटते. बहुतेक सॉफ्टवेअर हे आपोआप करतात, पण ‘श’, ‘स’, ‘थ’सारख्या लांब ध्वनींना जागा कमी पडते. मागची नोट थोडी आखडती करा, म्हणजे ‘श’ला श्वास मिळेल. ओपनउटाऊत चालणाऱ्या उटाऊ ध्वनिसंचांत हे काम ‘प्रीअटरन्स’ आणि ‘ओव्हरलॅप’ या आकड्यांनी होतं. ते चुकले असतील तर प्रत्येक अक्षर लंगडतं आणि पुढे काहीही करून ते सुधारत नाही.

हे बसल्यावरच लयीशी खेळा. ‘थां’ समेवर नेमका असू द्या. ‘ऊ’ हवं तर २०–३० मिलिसेकंद उशिरा टेकवा, कारण थांबल्यावर उचललेला शब्द तसाच येतो. ‘को’ला घाई करू नका. सॉफ्टवेअरमधलं सगळ्या नोट्स आपोआप मागेपुढे करणारं बटण वापरू नका. त्याने स्वर ताल चुकल्यासारखे पसरतात. माणूस मात्र शब्दाच्या अर्थाने मागेपुढे होतो.

सुरांच्या मधली वाट

इथे पहिलं काम म्हणजे आपोआप येणारा व्हायब्रेटो बंद करणं. या सॉफ्टवेअरमधला कंप पाश्चात्त्य आणि जपानी पॉप गायनाच्या सवयीचा असतो. पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या गायकांचा कंप सेकंदाला ५ ते ७ वेळा, स्वराच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या किंवा त्याहून जास्त पट्टीपर्यंत जातो. भावगीताचा ठहराव याच्या उलट आहे. स्वर उभा लावायचा, त्याला स्थिर राहू द्यायचं, आणि अगदी लांबला तरच शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात अरुंद, हळूहळू वाढणारा कंप. ‘ळे’वरचा सा तसाच उभा ठेवून पाहा. गाण्याचा सगळा चेहरा बदलतो.

पण उभा म्हणजे रेघेसारखा सरळ नव्हे. लांब स्वरावर काही सेंटांची मंद, अनियमित हालचाल राहू द्या. दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं, तर ही हालचाल ५–१०च्या आत असावी.

मग कण. ‘ळे’ सरळ षड्जावर न उतरवता खालच्या धैवताचा निसटता स्पर्श देऊन सा लावा. कणाला ५०–८० मिलिसेकंद पुरे. प्रत्येक स्वराला खालून कण देण्याचा मोह होतो. एका ओळीत दोनपेक्षा जास्त झाले की गाणं लाडिक होतं.

मींड वेगळी. ‘थां’ धैवतावर नीट ठरू द्या, मग पंचमाकडे निघा. रेघ तिरकी सरळ ओढू नका. सुरुवातीला रेंगाळणारी, मध्ये वेग घेणारी आणि पंचमापाशी पुन्हा मऊ होणारी हवी. साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंद. भूपात पंचमावरून गंधारावर येणारी मींड हा रागाचा प्राण आहे, म्हणून ‘ले’ही पंचमाकडून घसरत आणा, पण ‘थां’पेक्षा कमी वेळात, म्हणजे पहिली मींड ठसते आणि दुसरी तिचा पडसाद वाटते. सिंथेसायझर व्हीमध्ये नोट सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा वेळ, तसंच पुढे जाऊन परतण्याची खोली वेगवेगळी ठरवता येते. मींडेसाठी ती खोली शून्याच्या जवळ न्या. उडी मारून जाणाऱ्या स्वराला, जसं ‘ऱ्या’वरून ‘शी’, ती थोडी राहू द्या.

मुरकीसाठी तीन-चार स्वतंत्र नोट्स मांडू नका. बऱ्याच आवाजांत प्रत्येक नोटेच्या तोंडाशी स्वर नव्याने फुटतो आणि मुरकी पायऱ्या उतरल्यासारखी ऐकू येते. एकच लांब नोट घेऊन सुराची रेघ हाताने वळवा, आणि वेगाच्या भागात आवाज किंचित उतरवा. गळाही तसंच करतो.

गंधाराचं एक. पियानोच्या पट्टीतला गंधार ४०० सेंटांवर असतो, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६च्या आसपास. गाण्यामागे तंबोरा आणि बासरी असेल, तर लांब गंधार १४ सेंट उतरवा आणि हेडफोन काढून ऐका. स्वर तंबोऱ्यात विरघळल्यासारखा होतो. पण मागे संवादिनी किंवा कीबोर्ड तोच स्वर धरून असेल, तर उतरवू नका. दोन गंधारांची ठोकर ऐकायला फार वाईट.

श्वास

श्वास विसरलेलं गाणं थोड्या वेळाने ऐकणाऱ्यालाही गुदमरवतं. स्वतःच्या ध्वनिमुद्रणात श्वास जिथे घेतला, तिथे श्वासाचा ध्वनी ठेवा: ‘उं’च्या आधी एक, आणि ‘ले’नंतर गरज वाटली तर दुसरा, छोटा. पुढची ओळ लांब असेल तर श्वास खोल आणि लांब; दोन अक्षरांसाठी चोरटा. श्वासाला लागणारा वेळ मागच्या नोटेच्या शेवटातून काढा, पुढचं अक्षर उशिरा आणून नव्हे. गायिका ताल सांभाळण्यासाठी मागचा स्वर लवकर सोडते. श्वास आणि पुढच्या व्यंजनामध्ये अगदी सूक्ष्म शांतता ठेवा, नाहीतर श्वासच ‘ह’ होऊन अक्षराला चिकटतो. त्याची पातळी गाण्यापेक्षा बरीच खाली. आणि सगळीकडे एकच श्वास चिकटवू नका. दोन-तीन वेगवेगळे ठेवा, कारण एकच श्वास दहा वेळा आला की कान तो मोजू लागतो.

जोर, ताण, श्वासाळपणा

या तीन खुंट्या एकमेकींशी बांधलेल्या आहेत. माणूस जोरात गातो तेव्हा आवाज फक्त मोठा होत नाही, उजळही होतो. हळू गातो तेव्हा मऊ आणि हवेशीर होतो. म्हणून ‘लाऊडनेस’ वाढवला तिथे ‘टेन्शन’ही थोडं वर आणि ‘ब्रेदिनेस’ थोडा खाली. एकाच खुंटीने काम भागवलं तर कुणीतरी व्हॉल्यूमचं बटण फिरवतंय असं वाटतं.

आपल्या ओळीत आवाज ‘उंबऱ्याशी’त उमलत जाऊ द्या. ‘थां’वर शिखर, तेही फार उंच नको, ऊन कोवळं आहे. ‘ऊन कोवळे’त ताण कमी करत आणा. ‘ळे’च्या शेवटी आधी जोर उतरवा, मग श्वासाळपणा वाढवा, आणि अगदी शेवटच्या क्षणी सूर केसभर खाली सोडा. यंत्र स्वर कापून टाकतं, माणूस तो सोडून देतो. ओळीच्या शेवटाचे हे दोनशे मिलिसेकंद मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो.

मुखडा पुन्हा येतो तेव्हा

भावगीतात मुखडा प्रत्येक अंतऱ्यानंतर परततो, आणि जवळजवळ सगळे तो चिकटवून टाकतात. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण गाणं छापील वाटू लागतं. गायिका तीच ओळ परत म्हणते तेव्हा अंतऱ्यात जे घडलं ते बरोबर घेऊन येते. म्हणून प्रत्येक मुखडा वेगळा घडवा. नवीन सॉफ्टवेअरमध्ये एकाच नोटेचे वेगवेगळे ‘टेक’ काढून घेता येतात; तिथून सुरुवात करा, पण निवड स्वतः करा. पहिल्या वेळी ‘थां’ची मींड साधी, दुसऱ्या वेळी धैवतावर थोडं जास्त रेंगाळणं, तिसऱ्या वेळी ‘ऊ’ उशिरा आणि जवळजवळ बोललेला. शेवटच्या मुखड्यात ओळ किंचित सैल सोडा, तिथे तबला थांबणार असेल तर आणखी.

जपानमध्ये मिची एम या नावाने गाणी करणारे निर्माते मिकूच्या आवाजाकडून इतकं माणसासारखं गाऊन घेतात, की २०११च्या ‘फ्रीली टुमॉरो’पासून त्यांचं नाव याच कामासाठी घेतलं जातं. त्यांची गाणी ऐकताना सुरांकडे नको, अक्षरांच्या शेवटांकडे कान लावा.

मिश्रण

इथे थोडक्यात आटपा. ८०–१०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढा. ‘श’, ‘स’ टोचत असतील तर डी-एसर, पण ते जिथे लांब आहेत तिथे आधी ध्वनीची लांबीच कमी करा. कॉम्प्रेसर सौम्य, २:१च्या जवळ; जोराचे चढउतार तुम्ही हाताने कोरले आहेत, ते सपाट करू नका. सूर दुरुस्त करणारं कुठलंही प्लगइन मुख्य आवाजावर लावू नका, नाहीतर सगळ्या मींडी जिन्यासारख्या होतील. हे आवाज फार स्वच्छ आणि कोरडे येतात, म्हणून आधी छोट्या खोलीचा प्रतिध्वनी, मग त्यावर लांब रिव्हर्ब थोडा, २०–४० मिलिसेकंदांच्या अंतराने, म्हणजे शब्द समोर राहतात. तंबोरा आणि आवाज एकाच खोलीत असल्यासारखे वाटले पाहिजेत. दोघांना तोच छोटा रिव्हर्ब द्या.

तपासणी

गाणं हेडफोनवर, मग फोनच्या छोट्या स्पीकरवर, मग दुसऱ्या खोलीतून दार लोटून ऐका. दाराआडून शब्द कळतात का, ‘कोवळे’ ‘कोवले’ तर ऐकू येत नाही ना? त्यानंतर वाद्यं बंद करून नुसता आवाज ऐका, कारण वाद्यांच्या आड पुष्कळ चुका लपतात. शक्य असेल तर गाणाऱ्या एखाद्या व्यक्तीला फक्त इतकंच विचारा, की या गायिकेला श्वास कुठे कमी पडतोय. आवाज यंत्राचा आहे हे आधी सांगू नका. उत्तर आलं की तेवढ्याच जागा उघडा, बाकीच्यांना हात लावू नका.

एका गाण्यात ‘ळ’साठी जे आकडे जमले, ते त्याच आवाजाच्या दुसऱ्या गाण्यातही बहुतेक चालतात. त्यांची वही ठेवा: कोणत्या स्वरानंतर शेपूट किती, ‘भ’साठी श्वासाळपणा किती, काळी चारवर ताण किती. फाइल काढताना आवाजाचा कोरडा ट्रॅक वेगळा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये ठेवा, आणि सॉफ्टवेअरचा मूळ प्रकल्पही त्याच फोल्डरमध्ये. गाणं प्रसिद्ध करताना श्रेयनामावलीत गीत, चाल आणि वाद्यांबरोबर आवाजाच्या संचाचं नाव लिहा, त्यानंतर स्वरमांडणी करणाऱ्याचं, म्हणजे तुमचं.